धुऱ्यावरची करडी

उंद्रीच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या अनुपमाने भर वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी प्रत्येकाला नव्या करडीचं मूठभर बी देईन. साधंसुधं बी नव्हे! त्याच्या तेलात ओलिक आम्ल भरपूर. काळजाला बरं आणि लवकर खवट न होणारं. कृषी महाविद्यालयातल्या मॅडमनी दिलेले चाळीस दाणे तिने वावराच्या मधोमध स्वतः टोकले होते.

जानेवारीत पहिली बोंडं फुलली आणि तिचं तोंड उतरलं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चारी बाजूंनी घरची जुनी काटेरी करडी पिवळीधमक झाली होती. लेकीचं पीक रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाऊ नये म्हणून बाबांनीच, रंगरावांनी, मायेने पेरलेली. करडीचं कुंपण करायची रीतच आहे तिकडे. पण मधमाश्यांना कुंपण कुठलं? धुऱ्यावरून उठायच्या, थेट अनुपमाच्या फुलांवर.

"काऊन तोंड पाडून बसली?" बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं. चांगल्या तेलाचं जनुक लाजाळू. ते आईकडूनही यावं लागतं अन् बापाकडूनही. एका बाजूनं जुन्या करडीचं आलं, की हे गप्प बसतं आणि दाण्यात जुन्यासारखंच तेल भरतं. वरून बघून तर काही कळत नाही.

रंगराव धुऱ्याकडे निघाले. "उपटून टाकू काय मंग?"

उपटलं तर रोही मोकळे. अनुपमाने विचार केला. करडीचं फूल आपल्याच परागावर भागवू शकतं. मग न उमललेली बोंडं झाकली तर?

दोघांनी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या आणि हाताला फडकी गुंडाळून बोंडांवर बांधायला बसले. शेजारचे गुलाबराव बांधावर थांबले.

"रंगराव, फुलांचं लगन हाय काय बे?"

"हाव. वऱ्हाड नको म्हणून तोंडं बांधून राह्यलो."

मार्चमध्ये पिशवीतल्या बोंडांचं बी वाटीभर निघालं. उघड्यांचं तेलघाण्याला गेलं. अनुपमाने वर्गात उभं राहून सांगितलं, की मूठ नाही, चिमूटच मिळेल. पण अस्सल मिळेल. कोणी हसलं नाही. हसले असते तरी तिला चाललं असतं.

घरी बाबा वाटीत बोट फिरवत होते.

"पुढच्या साली धुऱ्यावर जवस पेरतो," ते म्हणाले. "ढोरं-रोही त्याले तोंड लावत नाही, अन् तुह्या करडीच्या भानगडीत ते पडत नाही."