खडकाखाली उतरलेला रिसीव्हर

मित्रांनो, मला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. मी तुमसरचा एक जुना रेडिओ रिसीव्हर आहे. गाणी आणि बातम्या ऐकवणारा मात्र नव्हे. जगभर काही माणसं सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, हौसेनं स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. त्यांना हॅम म्हणतात. अशाच एका हॅमनं मला घरी बसून बनवलं.

त्यांचं नाव भैय्यालाल. चिखल्याजवळच्या एका लहान मॅंगनीज खाणीत ते विजेची कामं करत. माझा डबा त्यांनी मोडक्या कूलरच्या पत्र्यातून कापला आणि स्पीकर बंद पडलेल्या टीव्हीतून काढला. मला पुसताना त्यांच्या पत्नीचं, करुणाबाईंचं, बोट कापलं, तेव्हा माझ्या चारही कडा त्यांनी कानशीनं घासून गुळगुळीत केल्या.

ती वर्षं सुखाची होती. रशियातला कोणी, जपानमधला कोणी टिंब आणि रेषांच्या मोर्स भाषेत टकटक करी आणि माझ्यातून तो आवाज तुमसरच्या अंगणात उतरे. शेजारी मुद्दाम ऐकायला येत. मला फार अभिमान वाटे.

मग एके दिवशी खाणीत छताचा एक भाग खचला. कोणाला इजा झाली नाही, पण वाट बंद झाली आणि खाली जाणारी टेलिफोनची तार तुटली. भैय्यालाल आणि त्यांचे सोबती सोमाजी आत अडकले. करुणाबाई दिवसभर खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आतली माणसं जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हतं. संध्याकाळी दोघं सुखरूप बाहेर आले. घरी आल्यावर करुणाबाई माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "तुमचा रेडिओ समुद्रापारचं आयकते. पायाखालचं काहून नाई आयकत?"

दुसऱ्या दिवसापासून भैय्यालाल माझं पोट उघडून बसले.

नेहमीच्या रेडिओलहरी खडकात विरून जातात. अगदी खालच्या पट्टीतल्या लांबलचक लहरी मात्र दगडातूनही काही अंतर वाट काढतात. भैय्यालालांनी मला ती पट्टी ऐकायला शिकवलं. त्यांची मुलगी टीना कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती आणि तीही हॅम झाली होती. तिनं जोडीचा छोटा प्रेषक, म्हणजे संदेश पाठवणारा रेडिओ, बांधला. आता फक्त कळ दाबायची होती.

पण त्या पट्टीवर बोलायची हॅमना सरसकट मोकळीक नव्हती. प्रयोगासाठी दिल्लीहून वेगळी परवानगी लागणार होती. टीनानं अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी प्रश्न आले. प्रयोग कशासाठी, कुठे, किती शक्तीचा, आणि खाणीची संमती आहे का? तिनं उत्तरं पाठवली आणि पुन्हा शांतता पसरली. मला माळ्यावर ठेवलं. माझ्यावर धूळ साचली, पालीनं मागच्या फटीत अंडी घातली.

त्याच काळात भैय्यालालांचे कान जाऊ लागले. खाणीतल्या ड्रिलच्या आवाजानं ते आधीच थकले होते. आधी पाखरांचा आवाज गेला, मग फोनची घंटी. एक दिवस टीना मला खाली काढून म्हणाली, "बाबा, दोन मिनिटं दाबून पाहू. तुमाले आयकू येते तोवर तरी. कोनाले समजते?"

"मले समजते," भैय्यालाल म्हणाले. "त्या पट्टीच्या बाजूनं विमानाले रस्ता दाखवाचे इशारे चालतात. आपल्या आवाजानं एखांद्याचा रस्ता चुकला तं? जो खाली अडकते, त्याच्यासाठी करून राहिलो हे. वर उडते त्याले कायले अडचणीत टाकू?"

टीनानं मला पुन्हा फडक्यात गुंडाळलं. मला वाईट वाटलं, पण रागावता आलं नाही.

खाणीचे सुरक्षा अधिकारी कृष्णराव यांनीही लगेच होकार दिला नाही. स्फोटाच्या कांड्यांजवळ रेडिओ चालवणं धोक्याचं असतं, लहरींनी त्या उडू शकतात. शेवटी त्यांनी सुटीचा दिवस सुचवला, सगळी स्फोटकं दूर हलवायचं मान्य केलं आणि संमती दिली. पुढे दिल्लीची परवानगीही आली. थोड्या शक्तीची, थोड्या महिन्यांची, पण खरी.

तोपर्यंत भैय्यालालांना समोरचं बोलणंही नीट कळत नव्हतं. टीना त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, तुमी वर बसा. खाली मी जाते."

"खालची वाट मले ठाव हाय, अन् याची कळही," ते मला थोपटत म्हणाले. "नाई आलं आयकू तं वर येऊन तसंच लिहून देऊ. प्रयोग हाय."

सुटीच्या सकाळी सोमाजींनी मला छातीशी धरून भैय्यालालांच्या मागून खाली नेलं. जमिनीखालच्या पहिल्या मजल्यावर, ओल्या भिंतीशी, मला एका खोक्यावर ठेवलं. वर टीना प्रेषकाजवळ बसली. आम्ही खाली गेल्यावरच कृष्णराव तिच्या कानात एक शब्द सांगणार होते, म्हणजे कोणाला शंका नको.

मी कान देऊन बसलो. खूप वेळ नुसती खरखर. मग तिच्या आत एक बारीक धागा हलला. टिंब, टिंब, टिंब. सोमाजी दचकले आणि त्यांनी भैय्यालालांचा खांदा हलवला. "येऊन राहिला ना भाऊ, आवाज येऊन राहिला! काय म्हनते?"

भैय्यालाल माझ्यावर वाकले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचा श्वास मी इतका जवळून कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी माझं बटण फिरवून सूर अगदी खर्जात, बोटाला जाणवेल इतका खाली उतरवला आणि माझ्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर अलगद बोट टेकलं. मी जीव तोडून थरथरलो. टिंब म्हणजे छोटी थरथर, रेघ म्हणजे लांब. त्यांचे ओठ हलू लागले. सोमाजी दिवा धरून उभे होते.

वर आल्यावर कृष्णरावांनी विचारायच्या आधीच भैय्यालाल म्हणाले, "शिंगाडा. साहेब, भूक लागली होती का तुमाले?"

कृष्णराव हसले आणि त्यांनी हात पुढे केला. करुणाबाई तिथंच होत्या. त्या पदरानं माझ्यावरची ओल टिपत राहिल्या.

त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या मजल्यावरही उतरलो. तिथं खरखरीशिवाय काही नव्हतं. टीनानं अहवालात तेही जसंच्या तसं लिहिलं.

मित्रांनो, आता मी टीनाच्या प्रयोगशाळेत असतो. परवानगीची मुदत संपली आहे, म्हणून प्रेषकाची वायर काढून ठेवली आहे. तुम्ही मला बघायला आलात तर माझी बटणं हळू फिरवा. माझ्या कागदी पडद्याला पेन टोचू नका, तो फाटला तर आता तसा मिळत नाही. आणि कोणत्याही पट्टीवर बोलायच्या आधी तिथं कोण बोलत आहे, ते ऐका. कोणाची वाट अडणार असेल तर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

टीनानं पुन्हा अर्ज केला आहे. तोवर मला माळ्यावर टाकू नका. दुसरा मजला अजून बाकी आहे.