पोर्टातलं कुंकू

जाफराबादला बसस्थानकाजवळ सुरेखाताईंचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला त्यांचा लॅपटॉप माऊस ओळखेना. टचपॅड उन्हाळ्यातच गेला होता. समोर मीना बसली होती; तिची स्कॅन केलेली कागदपत्रं त्याच लॅपटॉपमध्ये होती. तिच्या नर्सिंग प्रवेशाच्या अर्जाची मुदत पाचला संपत होती आणि गावातली बाकीची केंद्रं सणामुळे बंद होती. गेल्या वर्षी दाखला उशिरा मिळाल्याने तिचं एक वर्ष आधीच गेलं होतं.

माऊस काढून परत लावला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. माऊसखालचा लाल दिवा लागला नाही.

दोघी लॅपटॉप घेऊन समोरच्या तन्वीरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. त्याने माऊस आपल्या कॉम्प्युटरला लावला. दिवा लागला.

"माऊस बराबर हाय." मग त्याने स्वतःचा माऊस लॅपटॉपला लावून पाहिला. काहीच नाही. "ताई, दुसरं पोर्ट?"

"ते कव्हाच तुटलंय."

"काल काय केल्तं याला?"

"काही न्हाई. पूजा केल्ती फक्त."

तन्वीरने पोर्टात बॅटरीचा उजेड पाडला. "फक्त? याच्या पोटात चिमूटभर कुंकू हाय, ताई."

घड्याळ बघत बसलेली मीनाही हसली. सुरेखाताई ओशाळल्या. "दसऱ्याला लोखंडाला लावतेत. याच्यात तेवढंच लोखंड दिसलं."

तन्वीरने लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि बारीक ब्रशने कुंकू झाडायला घेतलं.

"फुंकू का?" मीनाने विचारलं.

"बिलकुल न्हाई. थुंकी जाती आत."

उरलेलं त्याने स्पिरिटने पुसलं आणि वाळायला दहा मिनिटं ठेवलं. मीनाची ती दहा मिनिटं सरता सरेनात.

चार वाजून बारा मिनिटांनी माऊस लावला. टुंग असा आवाज झाला, दिवा लागला, पडद्यावर बाण हलला.

"आता उचलू नका. इथंच भरा," म्हणत तन्वीरने टेबलावरचे उघडे मोबाईल बाजूला सारले.

चार अडतीसला अर्जाचा क्रमांक आला. मीनाने तो कागदावर लिहिला, मग तळहातावरही लिहिला. "भैया, झालं!" म्हणत तिने तळहात तन्वीरला दाखवला.

सुरेखाताई केंद्रात जाऊन आपट्याची पानं घेऊन आल्या. "काल तुमचं राहून गेल्तं. सोनं घ्या."

तन्वीरने दोन्ही हातांनी पानं घेतली आणि ब्रशच्या डब्यात नीट ठेवली.

"पुढच्या साली पूजेआधी मला बोलवा, ताई. पोर्टाला चिकटपट्टी लावून देतो."