चांदणीच्या मरणाचं शुद्धिपत्र

शिवपुत्रनं मोबाइल टेबलावर असा आपटला की फासे उडाले.

"वाच, विऱ्या! खेळवाल्या कंपनीनं शुद्धिपत्र काढलंय. ढाल हातात आसंल तर घाव निम्माच धरायचा. म्हंजे चांदणी मेलीच न्हाय!"

चांदणी म्हणजे श्रावस्तीचं खेळातलं पात्र. नळदुर्गात विरेशच्या बियाण्यांच्या दुकानामागं तिघं दर रविवारी दुपारी जमत. दोघांनी आपापलं पात्र घेऊन पुस्तकातल्या नियमांनी फासे टाकायचे अन् विरेशनं गोष्ट पुढं न्यायची. तीन वर्षं जगवलेली चांदणी गेल्या रविवारी शिवपुत्रच्या सरदाराला वाचवताना मेली. दवाखान्यात रोज मरणं बघणारी नर्स श्रावस्ती ओक्साबोक्शी रडली. ट्रॅक्टरचे भाग विकणारा हा आडदांड शिवपुत्रसुद्धा नाक ओढत होता. इतका रंगलेला डाव विरेशच्या हातून कधी झाला नव्हता.

"नियम आजपासून लागू," विरेश म्हणाला. "मागचं उकरायचं न्हाय."

"का न्हाय? चूक त्यांची अन् मरायचं हिनं? वा रे न्याय!"

शुद्धिपत्र विरेशनं त्या डावाच्या आधीच वाचलं होतं. सांगितलं असतं तर चांदणी जगली असती अन् ती दुपार हातची गेली असती. मोह आवरला नाही मेल्याला! आता हे उघडं पडलं तर त्याच्या गोष्टीवर पुन्हा कोण भरवसा ठेवणार?

"पुस्तक दे बरं," श्रावस्ती म्हणाली.

"कशाला? मी सांगतो की."

तिनं ते ओढून घेतलंच. ढालीच्या पानावर जुना नियम पेन्सिलीनं खोडलेला, शेजारी विरेशच्या अक्षरात नवा, अन् खाली सवयीनं घातलेली तारीख. चांदणी मेली त्याच्या आधीच्या गुरुवारची.

"काय लिवलंय?" शिवपुत्रनं मान लांबवली.

श्रावस्तीनं पुस्तक मिटलं.

"विरेश म्हणतोय तेच. आजपासून."

"आगं, पर तुझी चांदणी!"

"मेली ती. चांगली मेली." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "विरेश, ऊठ. हितनं पुढं गोष्ट मी सांगणार. तू खेळायला बस."

विरेश उठला अन् शिवपुत्रच्या शेजारी येऊन बसला. श्रावस्तीनं कोरा कागद विरेशपुढं सरकवला.

"पात्राचं नाव लिही," ती म्हणाली. "अन् नीट जप हं त्याला."