एकशे सेहेचाळीस

"तोडायचं तर उष्णता घाला, आणि जोडलं की उष्णता मिळवा. सगळंच उलटं," पुतणी माझ्या कानाशी पुटपुटली. रविवारची दुपार होती आणि आम्ही दोघी एकाच पुस्तकावर वाकलो होतो.

तिचे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, जाऊन सहा आठवडे झाले होते. कापड पांढरं करायच्या कारखान्यात, गोदामातलं पेरॉक्साइडचं पिंप फुटलं. मयत तिथं सिगारेट ओढत होता, असं चौकशीच्या कागदात लिहिलं होतं. गोदामाचे प्रमुख म्हणून त्यावर ह्यांची सही हवी होती, सोमवारी सकाळी. कागद टेबलावर चष्म्याच्या डबीखाली होता. जाऊ समोर इस्त्री करत होती, हे खिडकीशी बसून नखं कापत होते. कागदाकडे कुणी बघत नव्हतं, आणि बघत नाही हेही कुणी बोलत नव्हतं.

माझी शाळा नववीत सुटली, पण पोरीची परीक्षा म्हणून पुस्तकातला बंध एन्थॅल्पीचा तक्ता मीही पाठ केला होता. बंध एन्थॅल्पी म्हणजे दोन अणूंमधला बंध तोडायला लागणारी उष्णता. आकडा मोठा, तितकी गाठ पक्की. नायट्रोजनची तिहेरी गाठ नऊशे पंचेचाळीसची, ओढून ओढून हात दुखतील. आणि त्याच तक्त्यात ऑक्सिजन-ऑक्सिजनची एकेरी गाठ, एकशे सेहेचाळीस. ही तर नाडीची सुरगाठ, मी म्हटलं, तशी पोर खुदकन हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. रसायनशास्त्राचं भलं होवो, असं मनात म्हणून घेतलं.

पुढचं गणित नेमकं पेरॉक्साइडचं निघालं. मी पान उलटू पाहिलं, तर तिनं माझा हात धरला.

तिनं शांतपणे मांडलं. पेरॉक्साइडचे दोन रेणू. त्यांतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध आधीही चार, पेरॉक्साइडचं पाणी झाल्यावरही चारच. त्यांना हात लावायचं कारण नाही. सुटतात त्या दोन सुरगाठी, दोनशे ब्याण्णव. जुळते ती ऑक्सिजनची दुहेरी गाठ, चारशे अठ्ठ्याण्णव. दोनशे सहा उरले, ते उष्णता होऊन बाहेर. वर ऑक्सिजन वायू.

पेन्सिल थांबली.

"काकू, यात आग कुठंय?"

तिनंच सांगितलं, की याला काडी लावावी लागत नाही. ते आपलं आपण सुटत राहतं, तापतं, आणि तापलं की आणखी भराभर सुटतं. वायूला बाहेर पडायला वाट हवी, एवढंच.

वाट होती. पिंपाच्या टोपणाला त्यासाठी बारीक छिद्र असतं. पण पिंप कलतं करून सरकवताना त्यातून थेंब गळायचे आणि भाऊजींच्या बोटांवर पांढरे चट्टे उठायचे. घास उचलताना चुरचुरायचं त्यांना. "वहिनी, मी दिवसेंदिवस गोरा होतोय," असं वर मलाच हसवायचे.

ती छिद्रवाली टोपणं अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मला ह्यांच्या जेवणाच्या पिशवीत सापडली. सात होती. मी धुतली, बटणांच्या डब्यात तळाशी टाकली आणि डबा फळीवर मागे सारला. ह्यांना विचारलं नाही. गेल्या आठवड्यात जाऊ त्या डब्यात बटण शोधायला गेली, ती बटण न घेताच परत आली. तिनंही मला विचारलं नाही.

"काका," पोरीनं मान वर न करता विचारलं, "पिंपाला टोपण कसलं होतं?"

जावेचा इस्त्रीवरचा हात जागच्या जागी थांबला. कापड करपल्याचा वास आला, तेव्हा कुठं तिनं इस्त्री उभी केली.

हे उठले, चष्म्याची डबी बाजूला केली, कागद उचलला. मला वाटलं, आता पेन मागतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पोरीच्या वहीवर ठेवली.

"सिगारेट नव्हती," हे म्हणाले. "कॉस्टिक सोड्याच्या पिंपांची बिनछिद्राची टोपणं काढून मीच पेरॉक्साइडच्या पिंपांना लावली होती. त्याच्या बोटांना चटके बसू नयेत म्हणून."