डाव्या हाताची वात

“डाव्या हातानं देवाची वात वळते का कोनी?” रुख्माबाईनं कापूस परत ढकलला.

कोकिळानं तो पुन्हा तिच्यापुढं ठेवला. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला ‘हातवाल्या बाई’ म्हणत. लकवा मारलेली माणसं तिच्याकडं बटण लावायला, घास उचलायला नव्यानं शिकत. आणि शिकली की घरी जात.

नाचणगावच्या रुख्माबाईचा उजवा हात दिवाळीतच गेला होता. आज दुपारी मुलगा, बंडू, तिला न्यायला येणार होता आणि म्हातारी अजून दुसऱ्याच्याच हातून जेवत होती. डावा हात ताटाला लावणार नाही म्हणे.

“घरी कोण भरवेल, आजी?”

“सून भरवन. न भरवून जाते कुठं?” रुख्माबाई हसली. मग हळूच म्हणाली, “दोन दिस भरवन. मंग ताट आपटन.”

कोकिळानं कापसाचा पुंजका पिंजून सैल केला.

“खरं सांगजो, बाई. हा उजवा वापस येते का?”

कोकिळाचा सोमवार होता. आजवर तिनं ‘बघू’ म्हणत वेळ मारून नेली होती. उपासाच्या तोंडानं ते म्हणवेना.

“नाही येत, आजी.”

रुख्माबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

“तुह्या घरी कोन आहे वं?”

“मीच.”

“आन् वाढते कोन?”

“मीच की.”

“अवं माय!” म्हातारीनं कापूस मांडीवर ओढला. डाव्या तळव्यानं वळला. सुटला. पुन्हा वळला. एकीकडं जाड, एकीकडं दोऱ्यासारखी अशी वात तिनं कोकिळापुढं धरली.

“देवाले नाई हे. तुले केली. मानसाले डावा चालते.”

दुपारी बंडू आला. म्हातारी निघताना कोकिळानं गुळाचा खडा पुढं केला. रुख्माबाईनं तो डाव्या हातानं उचलला, क्षणभर पाहिला आणि तोंडात टाकला.

“येजो नाचणगावले,” ती म्हणाली. अशी आमंत्रणं कोकिळाला पुष्कळ होती.

संध्याकाळी खोलीत तिनं महादेवापुढचं निरांजन घासलं. स्वतः वळलेल्या सरळ वाती डबीतच ठेवल्या आणि ती वाकडी वात तुपात भिजवून लावली. देवाची क्षमा मागितली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

ज्योत एका अंगाला कलली. कोकिळानं ती सारखी केली नाही. ताट वाढून घेतलं आणि सोमवार सोडायला त्या उजेडाशेजारी बसली.