पुसलेल्या खुणा

बॉनेटचं एक टोक आईने पेललं, दुसरं लेकीने, आणि दोघींनी ते गाडीवर अलगद टेकवलं. लेक बिजागरीशी वाकली नि तशीच थबकली. बॉनेट पुन्हा नेमकं त्याच जागी बसावं म्हणून बोल्ट काढण्याआधी बिजागरीभोवती तिने मार्करने ओढलेल्या रेघा गायब होत्या.

"आई, इथल्या रेघा कुठे गेल्या?"

"मला डाग वाटले. रॉकेलने पुसले."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. इंजिनाच्या कामासाठी दोन दिवसांपूर्वी तिने बॉनेट उतरवलं, तेव्हा खुणा करायला ती विसरली नव्हती. गाड्यांचे पत्रे बसवण्यात हयात घालवलेल्या माणसाची ती लेक. तो माणूस मात्र चार महिने आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणायचे, हात वापरला तर ताकद परत येईल. वडील म्हणायचे, राहू दे. त्या दोन शब्दांची लेकीला आता भीती वाटायला लागली होती.

तिने अंदाजाने बोल्ट आवळले, बॉनेट मिटलं. डावीकडे करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे नखही शिरेना. पुन्हा सैल केलं, पुन्हा मिटलं. पहिले पाढे पंचावन्न. चौथ्यांदा वैतागून आपटलं, तेव्हा आतून आवाज आला.

"अगं, पत्रा घासतोय. ऐकू येत नाही का?"

मागोमाग भिंतीचा आधार घेत वडीलच पोर्चमध्ये आले. पायात चपलाही नव्हत्या. आईने स्टूल पुढे सरकवलं. ते तिने सकाळीच तिथे आणून ठेवलं होतं.

वडिलांनी डाव्या हाताने फट चाचपली आणि नकारार्थी मान हलवली. मग त्याच हाताने उजवा हात उचलला आणि त्याचं पहिलं बोट फटीवर टेकवलं. माप त्या बोटाला ठाऊक होतं. बोट बराच वेळ नुसतं पडून राहिलं. मग आपणहून थोडं सरकलं. लेकीला रडू आलं, पण तिने पाना सोडला नाही.

"बोल्ट सगळे सोडू नकोस, हलेल इतपतच," ते म्हणाले. "डावीकडे घे, सूतभर. हां, आवळ आता. आणि आपटायचं नाही, वीतभर वरून सोडायचं."

बॉनेट एका आवाजात बसलं. दोन्हीकडची फट सारखी. वडील घामाने भिजले होते. त्यांनी गाडीवरून नजर फिरवली.

"मागचा दरवाजाही लोंबलाय. उद्या बघू."

ते आत गेल्यावर लेक हत्यारं गोळा करू लागली. आईने झाडू घेतला. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी फरशीवर खडूने कसलंसं माप आखलं होतं. चार महिन्यांत त्याची एक रेघही पुसली गेली नव्हती. आई रोजच्यासारखीच त्याला वळसा घालून झाडत होती.