मामांचा कलप

तेजश्रीने फ्लॅटमधली अडगळीची खोली रिकामी करून तिथे चित्रं काढायची जागा केली, त्याला वर्ष झालं होतं. घरातलं कोणी तिथे जात नसे, म्हणून दाराला कुलूप लावायची गरज तिला कधी वाटली नाही.

मग तिच्या नवऱ्याचे, शौनकचे, मामा वणीच्या देवीच्या दर्शनासाठी आले; चार दिवस राहणार होते. शौनकने तिला न विचारता त्यांची गादी त्याच खोलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत शिकवून परतली, तेव्हा बाळाजीमामा तिच्या टेबलाशी आरसा घेऊन बसले होते. तिच्या सगळ्यात बारीक ब्रशने ते मिशीला कलप लावत होते. रंगांच्या ताटलीत त्यांच्या पायाची कापलेली नखं पडली होती.

"ब्रश झकास आहे गं," मामा म्हणाले.

तिने स्वयंपाकघरात जाऊन शौनकला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "धुऊन टाक ना. पाहुण्यांना काय बोलायचं?"

"त्या ताटलीत जेवशील तू, धुतल्यावर?"

तिने स्वतः गादी उचलून हॉलमध्ये टाकली. "मामा, इथे झोपा. ती खोली माझ्या कामाची आहे."

मामा सकाळी चहा न घेताच निघून गेले. शौनक दोन दिवस धुसफुसत राहिला. तेजश्रीने ब्रश आणि ताटली कचऱ्यात टाकली, टेबल तीनदा साबणाने घासलं आणि पंचवटीतून कुलूप आणलं. किळस मात्र लगेच गेली नाही. रविवारी नव्या ब्रशने ती पुन्हा कामाला बसली, तरी मनगट टेबलाला टेकवायला तिचं मन धजेना.